सिमल्याचा बर्फ आणि चामराजपेटेतला मंजु

मंगळवार, १३ फेब्रुवारी १९६२, सकाळचे सव्वाअकरा. बेंगळुरात, चामराजपेटेतल्या एका फोटो स्टुडिओच्या काउंटरवर माझ्या हातात एक पाकीट ठेवण्यात आलं. त्यात सिमल्याच्या बर्फाचे पंधरा फोटो असायला हवे होते. निघाला एकच, आणि तो आमच्या व्हरांड्याचा होता. पाकिटावर शिसपेन्सिलीनं कन्नडमध्ये लिहिलं होतं: "पूर्ण मंजु. चार्ज नाही."

हे कसं झालं ते अजून मला नीट उमगलेलं नाही. म्हणून सगळं पहिल्यापासून लिहून काढते आहे. आपल्या मराठी मंडळाच्या मासिकाच्या वाचकांपैकी ज्यांना सिमल्याला जायचं असेल त्यांनी मधला भाग नीट वाचावा. ज्यांना फोटो धुवायला टाकायचे असतील त्यांनी शेवट दोनदा वाचावा.

मी टेलिफोन एक्स्चेंजमधून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. घरात मी आणि माझी थोरली बहीण, अक्का. अक्काला काचबिंदू आहे. कडेची नजर केव्हाच गेली, आता मधली तेवढी उरली आहे. ती म्हणते, सुरळी केलेल्या वर्तमानपत्रातून पाहावं तसं दिसतं. डिसेंबरात डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की उन्हाळा लागेपर्यंत तेही राहील असं धरू नका. मी घरी येऊन अक्काला विचारलं, "काही पाहायचंय का तुला?" मला वाटलं, तिरुपती म्हणेल, निदान म्हैसूरचा राजवाडा म्हणेल.

ती म्हणाली, "बर्फ."

याला कारण आमचं कॉन्व्हेंट. तिथे नाताळच्या देखाव्यात सुरूच्या फांद्यांवर कापूस पसरत, आणि बेंगळुरातल्या गुलाबी थंडीत आम्ही मुली बर्फावरची इंग्रजी गाणी म्हणत असू. ड्रॉइंगच्या तासाला सिस्टर सांगायच्या, बर्फ रंगवायचा नसतो, तिथे कागद कोरा सोडायचा. अक्कानं एकदा पांढऱ्या खडूनं बर्फ भरला म्हणून तिला बाकावर उभं केलं होतं. पन्नास वर्षं झाली, तिचं म्हणणं अजून तेच आहे: कोरा कागद म्हणजे बर्फ कसा? बर्फ काहीतरी असणारच ना?

अक्काला गाडीत बसवून नेणं शक्य नव्हतं. डॉक्टर नाही म्हणाले आणि तीही नाही म्हणाली. मग मी जायचं आणि फोटो काढून आणायचे असं ठरलं. मी म्हटलं, दुकानात रंगीत कार्डं मिळतात. त्यावर ती म्हणाली, "कार्ड कुणीही आणेल. तू जिथं उभी राहशील तिथून काय दिसतं ते मला पाहायचंय. आणि फोटो लहानच काढ, तळहाताएवढा. खिडकी माझ्या डोळ्यांत मावत नाही, तळहात मावतो."

मी आणि डॉरिस गुरुवारी, १८ जानेवारीला निघालो. डॉरिस माझ्या शेजारच्या बोर्डावर बावीस वर्षं बसत होती. तिला सहलीची हौस आहे आणि तिचं तोंड माझ्यापेक्षाही तिखट आहे. आमच्या दिवंगत भावाचा घडीचा कॅमेरा मी बरोबर घेतला. एका रोलवर आठ फोटो येतात, मी दोन रोल घेतले. त्यातला पहिला फोटो निघतानाच काढला: अक्का, व्हरांड्यात, खांबाला धरून उभी. ती म्हणाली, "माझ्यावर कशाला घालवतेस? एक बर्फ कमी होईल." मी म्हटलं, "कॅमेरा चालतो की नाही ते पाहते आहे." तेही अर्धं खरंच होतं.

वाट अशी आहे. बेंगळुराहून मद्रासला एक रात्र, मद्रासहून दिल्लीला दोन रात्री, दिल्लीहून कालकाला आणखी एक. तिसऱ्या वर्गात राखीव बाक मिळतो, पण बायकांच्या डब्यात सामान ठेवायला जागा नसते, तेव्हा होल्डॉल एकच न्या. खायला आम्ही कडबोळ्यांसारखी कोडबळी आणि कोरडी चटणीपुडी घेतली होती. नागपूरच्या पुढे दक्षिणेकडची कॉफी विसरा. दिल्लीच्या फलाटावर कॉफी म्हणून जे मिळालं ते डॉरिसनं वास घेऊन परत केलं. "हे कपातून आलंय की कप धुतल्यावर आलंय, ते विचार त्याला," असं ती मला इंग्रजीत म्हणाली. मी विचारलं नाही. माझं हिंदी तेवढं पुरत नाही.

कालकाहून सिमल्याची छोटी गाडी दिवसाची घ्या आणि डाव्या-उजव्या खिडकीवरून भांडू नका. बोगद्यांतून बाहेर पडताना दरी बाजू बदलत राहते. आम्ही पहिला तास भांडलो, तो फुकट गेला. सोलनच्या पुढे मी कॅमेरा उघडून तयार बसले होते. एका वळणावर उतारावर पांढरं दिसलं आणि मी ओरडलेच, "डॉरिस, बर्फ!" समोरच्या बाकावर एक पहाडी बाई विणत बसल्या होत्या. त्यांनी वर न पाहता सांगितलं, "वो धोबी के कपड़े हैं, बहनजी."

तिथून जो गोंधळ सुरू झाला तो अजून संपलेला नाही.

सिमल्याला पोचलो तर बर्फ कुठेच नाही. म्हणजे होता, पण दिसत नव्हता. धुकं इतकं दाट की हॉटेलच्या फाटकावरून हॉटेल दिसेना. मॅनेजर म्हणाला, "सब तरफ बर्फ ही बर्फ है." आम्ही दोघींनी व्हरांड्यात उभं राहून सगळीकडे पाहिलं. सगळं पांढरं होतं, पण त्यात बर्फ कोणता आणि धुकं कोणतं हे मला सांगता येईना. काठी पुढे करून टोचून पाहिलं. जिथे काठी अडली तो बर्फ, असं डॉरिसनं ठरवलं. शास्त्र म्हणून ते बरं होतं, पण काठीनं फोटो काढता येत नाही.

हॉटेलबद्दल सांगते. हंगाम नसल्यामुळे खोली स्वस्तात मिळते, पण कोळशाचे आणि गरम पाण्याचे पैसे वेगळे लावतात, ते आधीच ठरवून घ्या. पायांत रबरी बूट हवेत. ते बाजारात भाड्यानं मिळतात आणि सगळे पुरुषी मापाचे असतात. आत दोन जोड पायमोजे घालून ते आम्ही भरले. राजमा आणि भात रोज मिळतो. चौथ्या दिवशी मी चटणीपुडी त्या राजम्यावर टाकली, तर खानसाम्यानं स्वयंपाकघरातून येऊन चव पाहिली आणि उरलेला डबा मागून घेतला.

तिसऱ्या सकाळी धुकं उठलं. तेव्हा मी पहिल्यांदा बर्फ पाहिला.

मी काय पाहिलं ते सांगायला इथे मला अडचण येते. मला वाटलं होतं कापूस असेल. कापूस नव्हता. वर पापुद्रा होता, पाय ठेवला की पापड मोडल्यासारखा वाजायचा आणि खाली भुसभुशीत. झाडाच्या बुंध्याभोवती खळगा होता, जसं कुणी मुद्दाम खरवडून काढलं असावं. वाटेच्या कडेला तर तो घाणेरडा होता, त्यात घोड्यांची लीद होती. आणि लांबचा डोंगर इतका लखलखीत की डोळ्यांतून पाणी आलं. ही सगळी एकच वस्तू आहे हे पटेना. डॉरिसनं थोडा तोंडात टाकला आणि म्हणाली, "चवीला काहीच नाही. कॉन्व्हेंटच्या सूपसारखा."

आता फोटो. निघण्यापूर्वी, लांब चालले आहे, पांढऱ्या वस्तूंचे फोटो कसे काढू, एवढंच मी विचारलं तेव्हा आमच्या स्टुडिओवाल्यांनी, म्हणजे वामनरावांनी मला बजावलं होतं की पांढऱ्यावर उजेड जास्त, तेव्हा भिंगाचं छिद्र लहान करा. वामनराव हे आपल्यातलेच, तीन पिढ्या बेंगळुरात असलेले. त्यांच्यावर माझा विश्वास होता. पण माल रोडवर एक म्हातारे फोटोग्राफर बाकड्यावर बसत. सहलीला आलेल्यांना पहाडी पोशाख घालून त्यांचे फोटो काढायचे हा त्यांचा धंदा. ते माझा कॅमेरा पाहून म्हणाले, "खोलिए, माताजी, और खोलिए. मीटर बर्फ़ देखकर डर जाता है. आप मत डरिए."

"माझ्याकडे उजेड मोजायचा मीटर नाहीये," मी म्हटलं.

"तो फिर मत खोलिए."

मी म्हटलं, म्हणजे नक्की काय करू? त्यांनी बराच वेळ समजावलं. मीटर असेल तर एक नियम, नुसत्या अंदाजानं काढायचं तर उलटा नियम, ऊन असेल तर तिसरा. मला त्यातलं अर्धं कळलं आणि कळलेलं अर्धं कोणतं ते आठवेना. शेवटी मी ठरवलं की प्रत्येक देखावा दोनदा काढायचा, एकदा वामनरावांच्या मतानं आणि एकदा म्हाताऱ्यांच्या. म्हणजे पंधरा फोटोंत सातच देखावे आणि एक जास्तीचा. आम्ही निघताना म्हातारे मागून म्हणाले, "परछाईं ढूंढिए, माताजी. परछाईं के बिना बर्फ़ कोरा काग़ज़ है."

मी जागच्या जागी थांबले. पन्नास वर्षांपूर्वी आमच्या सिस्टर जे सांगत होत्या तेच हे होतं, आणि अक्का जे म्हणत होती तेही हेच होतं.

मग पुढचे चार दिवस मी सावल्या शोधल्या. देवदाराच्या सावल्या, कुंपणाच्या सावल्या, चर्चच्या मनोऱ्याची लांबलचक सावली. एका उतारावर काहीच नव्हतं म्हणून डॉरिसला काळी छत्री उघडून उभं केलं. ती अर्धा तास उभी होती. "बावीस वर्षं मी लोकांना 'होल्ड द लाइन' म्हणाले," ती म्हणाली, "त्याचं हे फळ." जाखूच्या टेकडीवर माकडांनी माझी टोपी पळवली, तिथेही एक फोटो आहे. म्हणजे होता. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर दोन फोटो पुन्हा आलेल्या धुक्यातले होते. त्यांत बर्फ किती आणि धुकं किती ते मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

एक उपयोगाची गोष्ट: कॅमेरा थंडीतून थेट शेकोटीच्या खोलीत आणू नका, भिंगावर दव धरतं. पिशवीत गुंडाळून तासभर बाहेरच्या खोलीत ठेवा. आणि नेम धरताना श्वास रोखा, नाहीतर तुमचीच वाफ फोटोत येईल. श्वास रोखून उभं राहिलं की काय काय ऐकू येतं ते मी अक्काला सांगितलं आहे. फांदीवरचा बर्फ घसरतो त्याचा आवाज नेसलेलं लुगडं सोडून खाली टाकल्यासारखा असतो. फोटोत तो यायचा नव्हताच.

परतीच्या गाड्या रिकाम्या होत्या. अष्टग्रहीचे दिवस होते. आठ ग्रह एका राशीत आले म्हणजे जग बुडणार, म्हणून लोक घरात होम-हवन करत बसले होते आणि तिसऱ्या वर्गात पाय पसरून झोपायला मिळालं. डॉरिस म्हणाली, "बुडू दे, पण आधी रोल धुऊन होऊ दे."

जग बुडालं नाही. चार तारखेला घरी पोचलो, पाचला मी रोल घेऊन वामनरावांकडे गेले.

आता नीट लक्ष द्या, कारण चूक इथे आहे. कुणाची, ते तुम्ही ठरवा.

वामनरावांच्या घरात मराठी बोलतात, आमच्या घरात मराठी बोलतात. त्यांच्या सौभाग्यवती हे मासिक वाचतात. पण पेटेतल्या दुकानात काउंटरच्या दोन बाजूंना दोन मराठी माणसं उभी राहिली की कन्नडच बोलतात. असं का, ते विचारू नका. मी जन्मापासून असंच पाहत आले आहे. काउंटर ओलांडून मराठी बोलणं म्हणजे दुकानात घरच्या लुगड्यावर आल्यासारखं वाटतं. तर वामनरावांनी कन्नडमध्ये विचारलं, रोलमध्ये काय आहे? मी कन्नडमध्ये सांगितलं, "एल्ला मंजु." सगळा बर्फ. पहिला फोटो सोडून सगळा मंजुच.

"एल्ला मंजु?" त्यांनी चेहरा पाडून विचारलं.

"हौदु, एल्ला," मी अभिमानानं म्हटलं.

"अय्यो पापा. सरी अम्मा, नोडोणा," ते म्हणाले. बिचारी, बरं, पाहू या. त्यांनी पाकिटावर काहीतरी लिहिलं. बर्फ पाहून आलेल्या बाईला हा माणूस बिचारी का म्हणतो आहे, असं तेव्हा माझ्या मनात आलं. आलं आणि गेलं.

कन्नडमध्ये मंजु म्हणजे बर्फही आणि धुकंही. आणि फोटोवाल्यांच्या धंद्यात फिल्ममध्ये नको तो उजेड शिरून ती वाया गेली की तिला फॉग झाली म्हणतात. आमच्या पेटेत त्याचं सरळ भाषांतर झालेलं आहे: मंजु.

तेरा तारखेला ते एकुलतं एक चित्र आणि पेन्सिलीचं ते वाक्य पाहून माझा आवाज रस्त्यापर्यंत गेला असावा. वामनराव आतून धावत आले आणि मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या दुकानात मराठीत बोलले.

"माझा बर्फ कुठे आहे?"

"कसला बर्फ, बाई?" तेही मराठीत.

"सिमल्याचा! सांगितलं नव्हतं, सगळा मंजु आहे म्हणून?"

त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "अहो, मला वाटलं फिल्म गेली. मी म्हटलं, बिचाऱ्या एवढ्या लांब जाऊन आल्या आणि कॅमेऱ्यात उजेड शिरला. धुऊन वरवर पाहिलं, तर पंधराच्या पंधरा काळेकुट्ट."

"निगेटिव्हवर बर्फ काळाच दिसणार ना?"

"कळतं हो मला ते. पण चामराजपेटेत बर्फाचे फोटो कोण आणून देतं? आज तीस वर्षं लग्नं आणि बारशी धुतोय मी. तुम्ही बर्फ का नाही म्हणालात?"

"मग तुम्ही धुकं का नाही म्हणालात?"

बाकावर एक गृहस्थ पासपोर्टच्या फोटोसाठी केस विंचरून बसले होते. ते कन्नडमध्ये म्हणाले, "थोडं पाणी द्या हो बाईंना." मला पाणी नको होतं.

पुढे कळलं ते असं: वाया गेलेल्या फिल्मा वामनराव एका पोत्यात टाकतात, आणि ते पोतं शनिवारी दहा तारखेलाच सिटी मार्केटातला भंगारवाला घेऊन गेला. तो त्या फिल्मा धुऊन कोरी पट्टी काढतो आणि तिच्या टिकल्या करणाऱ्यांना विकतो म्हणे. म्हणजे डॉरिसची छत्री, चर्चची सावली आणि माझी टोपी घेतलेलं माकड आता कुणाच्या तरी झंपरावर चमकणार. भंगारवाल्याचं नाव काय? "नाव असं माहीत नाही, बाई. येतो आणि नेतो." पत्ता? "मार्केटच्या मागच्या बाजूला." मी दोन सकाळी मार्केटच्या मागच्या बाजूला फिरले. मागच्या बाजूला बऱ्याच बाजू आहेत.

एक्स्चेंजमध्ये आमचा नियम होता. गिऱ्हाइकानं नंबर सांगितला की तो परत म्हणून दाखवायचा, मगच तार जोडायची. अठ्ठावीस वर्षांत माझा एक चुकीचा नंबर लागला नाही. वामनरावांनी त्या दिवशी शब्द परत म्हणून दाखवला होता. एल्ला मंजु? आणि मी हो म्हणून तार जोडून दिली. हे मी लपवत नाही. पण न विचारता पंधरा निगेटिव्ह पोत्यात टाकायला मी सांगितलं नव्हतं, आणि काळी असो की पांढरी, वस्तू माझी होती.

घरी येऊन अक्काला काय सांगायचं हे वाटेत ठरेना. मी पाकीट तिच्या हातात दिलं. तिनं तो एकच फोटो डोळ्यांसमोर धरला, जवळ नेला, लांब नेला. "ही कोण? मी?" म्हणाली. "खांबाएवढीच झालेय की." मग पाकिटात बोटं घालून पाहिली. आणि मग विचारलं, "बर्फ कुठाय?"

मी सगळं सांगितलं. ती खूप हसली. इतकी की तिला ठसका लागला. मला वाटलं, सुटले. पण संध्याकाळी तिनं विचारलं, "छत्रीची सावली कोणत्या बाजूला पडली होती?" मी म्हटलं डावीकडे. काल परत विचारलं, आणि मी उजवीकडे म्हटलं. ती म्हणाली, "परवा डावीकडे म्हणाली होतीस." खरंच मला आता आठवत नाही. मी पाहिलं, दोनदा पाहिलं, आणि तरी सांगता येत नाही. तेवढ्यासाठी तर फोटो होते.

सिमल्यातून काय उरलं म्हणाल तर पायाच्या अंगठ्याला थोडी बधिरता, भाड्याच्या बुटांनी झालेला एक फोड, आणि दोन मतं जी एकमेकांशी जुळत नाहीत. पुन्हा जायचं तर पुढच्या हिवाळ्यापर्यंत थांबावं लागेल. अक्काच्या डोळ्यांना तेवढा वेळ नाही.

म्हणून वामनरावांना, त्यांच्या सौभाग्यवतींच्या मार्फत, ही विनंती नव्हे, मागणी: ते पोतं कोणी नेलं, कुठे नेलं, आणि भंगारवाल्यानं त्यातल्या फिल्मा धुण्याआधी तुम्ही स्वतः जाऊन किती शोधल्या, याचं लेखी उत्तर मला बुधवार, २८ फेब्रुवारीच्या संध्याकाळी पाच वाजेपर्यंत घरी मिळावं. एक जरी पट्टी सापडली तर ती ओल्या हातांनी धरू नये. उत्तर मराठीत लिहावं. खेद वाटतो एवढंच लिहायचं असेल तर लिहू नये, मी ते अक्काला वाचून दाखवणार नाही. आणि कोरा कागद तर मुळीच पाठवू नये. आमच्या घरातल्या एकीला त्यालाच बर्फ म्हणतात असं शाळेत शिकवलं होतं, आणि तिनं ते अजून मानलेलं नाही.